लेव्हलचा बुडबुडा आणि उलट्या आट्याचा नट

“पोरा, पलीकडच्या शेडमधनं लेव्हलचा बुडबुडा घेऊन ये जा. आपला संपलाय.”

कोल्हापुरात आयटीआय करून मी एका मशीन शॉपमध्ये शिकाऊ म्हणून लागलो, त्याच्या पहिल्याच आठवड्यातली ही गोष्ट. सांगणारे मिस्त्री वयानं वडिलांएवढे. मी निघालो. पलीकडच्या शेडमध्ये सांगितलं, “आमचा कालच संपला, मागच्या गल्लीत बघ.” मागच्या गल्लीत विचारलं, “मोठा पाहिजे का बारका? विचारून ये.” परत गेलो, विचारून आलो. असा तासभर उन्हातून फिरलो. चौथ्या शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री होते. त्यांनी मला बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि कपाटातली लेव्हल काढून माझ्या हातात दिली.

“ह्यो बघ बुडबुडा. काचेच्या नळीत स्पिरिट भरत्यात, पण काठोकाठ भरत न्हाईत. थोडी जागा मोकळी ठेवून तोंड बंद करत्यात. ती मोकळी जागा म्हंजे तुझा बुडबुडा. त्यो सुटा मिळत न्हाई. नळी फुटली तर अख्खी नळीच बदलायची.”

लेव्हल कशी चालते हे मी त्या बाकावर शिकलो आणि आजवर विसरलो नाही. मधल्या तासाभरात मात्र दुसरंच काही शिकलो होतो, आणि ते पुढे महागात पडणार होतं. त्याची हकीकत ओघात येईल.

नव्या आलेल्याला नसलेली वस्तू आणायला पाठवण्याची ही चेष्टा एका शेडची नाही, एका गावाचीही नाही. जहाजं, छापखाने, लष्कराच्या छावण्या, मोटारींची गॅरेजं, बांधकामं, जिथं जिथं हत्यारं आणि नवखी पोरं एकत्र येतात तिथं ती कुठल्या ना कुठल्या रूपात सापडते. ती कशी रचली जाते, नवखा का फसतो, त्यातून काय साधतं आणि काय बिघडतं, हे इथं क्रमानं पाहू.

चेष्टेतली तीन माणसं

या चेष्टेला तीन माणसं लागतात. पाठवणारा, जाणारा आणि ज्याच्याकडे पाठवलं तो. खरी मेख तिसऱ्यात आहे. त्याच्याशी आधी काही ठरलेलं नसतं. पोरगं दारात येऊन वस्तूचं नाव घेतं आणि त्याला क्षणात उलगडा होतो, कारण तोही कधीकाळी असाच पाठवला गेलेला असतो. मग तो पुढचा पत्ता सांगतो किंवा ‘केवढा पाहिजे’ असं विचारून परत धाडतो. फेऱ्या जितक्या वाढतील तितकी चेष्टा रंगली असं मानतात. शेवट ठरलेला असतो. पोरगं रिकाम्या हातानं परत येतं, कामं थांबतात आणि सगळे हसतात.

मराठीत याला फिरकी घेणं, शेंडी लावणं, मामा बनवणं असे शब्द आहेत. कोल्हापुरात ‘खुळ्यात काढणं’ म्हणतात, आणि तो शब्द या चेष्टेला नेमका बसतो. जो खुळा नाही त्याला चारचौघांत खुळा ठरवणं हेच तिचं काम असतं.

नसलेली वस्तू घडवायची कशी

आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत अस्तित्वातच नसलेल्या गोष्टींची ठरलेली उदाहरणं आहेत. शशशृंग म्हणजे सशाचं शिंग, खपुष्प म्हणजे आकाशातलं फूल, वंध्यापुत्र म्हणजे वांझेचा मुलगा. भर्तृहरीच्या नीतिशतकातलं सशाचं शिंग वामनपंडितांच्या समश्लोकीमुळे मराठी घरांतही पोचलं. या उदाहरणांची घडण पाहण्यासारखी आहे. ससा खरा, शिंगही खरं, खोटी आहे ती दोघांची जोडी. ऐकणाऱ्याला दोन्ही शब्द ओळखीचे असतात, म्हणून तो पटकन अडत नाही. लेव्हलचा बुडबुडाही असाच जुळवलेला आहे.

जगभरच्या अशा वस्तू एकत्र मांडल्या तर त्यांचे चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार अशक्य गुणाचा. ब्रिटनमध्ये रंगाऱ्याच्या हाताखालच्या पोराला टार्टन रंगाचा, म्हणजे चौकटीच्या कापडासारखा रंगीत चौकडा उमटवणाऱ्या रंगाचा डबा आणायला पाठवतात. काचेचा हातोडाही याच घरातला. आभाळाला अडकवायचा आकडा, म्हणजे ‘स्कायहूक’, हा तर विमानांच्या कारखान्यांपासून बांधकामांपर्यंत सगळीकडे मागितला गेला आहे.

दुसरा प्रकार असा, की अंगचा गुण किंवा क्रिया हीच वस्तू म्हणून मागायची. जर्मनीत शिकाऊ पोराला ‘आउगेनमास’ आणायला धाडतात. त्याचा अर्थ नजरेचा अंदाज. इंग्रजीत ‘एल्बो ग्रीस’ म्हणजे अंगमेहनत, पण शब्दशः ते कोपराचं ग्रीस होतं, आणि ते डबीत मिळेल असं नवख्याला वाटतं. ‘लाँग वेट’ची चेष्टा उच्चारावर उभी आहे. ‘वेट’ म्हणजे वजन आणि ‘वेट’ म्हणजे वाट पाहणं. दुकानदार ‘देतो हं’ म्हणून पोराला अर्धा तास उभा करतो आणि मग सांगतो, झाली की तुझी लाँग वेट.

तिसऱ्या प्रकारात वस्तूपासून वेगळा न होणारा भाग सुटा मागतात. लेव्हलचा बुडबुडा इथला.

चौथा प्रकार नसलेल्या गरजेचा. अमेरिकेतल्या गॅरेजमध्ये गाडीच्या इंडिकेटरमध्ये भरायचं तेल मागतात. जर्मनीत इंजिनाचा पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग मागतात. खरं तर पिस्टन क्रँकशाफ्टला जोडलेला असतो, त्याला मागे आणायला स्प्रिंग लागतच नाही. नेदरलँड्समध्ये भिंतीच्या तळाशी, फरशीलगत बसवायच्या लाकडी पट्टीसाठी शिडी आणायला सांगतात. पट्टी घोट्याएवढ्या उंचीवर, तिला शिडी कशाला?

छापखान्यातली तऱ्हा थोडी निराळी होती. खिळे जुळवण्याच्या काळात नव्या पोराला ओल्या खिळ्यांच्या जुळणीत ‘खिळ्यांतल्या उवा’ बघायला वाकवत. तो वाकला की खिळे झटकन एकमेकांकडे सरकवायचे. मधलं शाईचं पाणी थेट तोंडावर उडायचं.

तीनशे वर्षांहून जुनी खोड

एप्रिल फूलच्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी एक याच जातीची आहे. १६९८ मध्ये लंडनच्या एका वार्तापत्रानं २ एप्रिलच्या अंकात छापलं, की आदल्या दिवशी कित्येक लोकांना टॉवर ऑफ लंडनच्या खंदकाकडे सिंहांची आंघोळ पाहायला पाठवलं गेलं. टॉवरमध्ये तेव्हा खरोखरचे सिंह पाळलेले होते. आंघोळ तेवढी नव्हती.

इंग्लंडमध्ये १८ व्या आणि १९ व्या शतकांत १ एप्रिलला लहान मुलांना कबुतराचं दूध आणायला पाठवत. गंमत म्हणजे कबुतराचं दूध खरंच असतं. कबुतराच्या गळ्यातल्या अन्नाच्या पिशवीत पिलांसाठी दह्यासारखा पौष्टिक स्राव तयार होतो, आणि तो नर आणि मादी दोघंही पिलांना भरवतात. अमेरिकेत शिबिराला आलेल्या नव्या पोराला रात्री हातात पोतं देऊन ‘स्नाइप’ पकडायला रानात उभं करतात. तो पक्षीही खरा आहे. आपण त्याला पाणलावा म्हणतो आणि हिवाळ्यात तो आपल्याकडच्या दलदलीत उतरतो. ‘स्कायहूक’सुद्धा पुढे खरा झाला. १९५० च्या दशकात रॉबर्ट फुल्टन यांनी जमिनीवरच्या माणसाला उडत्या विमानानं दोरीला धरून उचलून घेण्याची यंत्रणा अमेरिकेत तयार केली, आणि तिचं नाव हेच पडलं.

‘असलं काही असतं का रे’ म्हणून ज्यावर हसले, ते अशा रीतीनं पुष्कळदा असतंच. मग पहिल्या आठवड्यातल्या पोरानं खरं-खोटं कशावरून ठरवावं?

खरी नावंही तितकीच चमत्कारिक

शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत. कोल्हापूरच्या या पट्ट्यात तीनशेच्या आसपास फौंड्र्या आहेत आणि मशीन शॉप त्याहून कितीतरी जास्त. शेतीच्या ऑइल इंजिनापासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंतचं काम इथं होतं. इथं नव्यानं आलेल्या पोराच्या कानावर पहिल्या दिवशी कोणते खरे शब्द पडतात ते पाहा.

‘ग्रीन सँड’ आण म्हटलं तर तो हिरवी वाळू शोधतो. ती असते काळी. ग्रीन म्हणजे इथं ओली, न भाजलेली. वाळूत बेंटोनाइट माती, कोळशाची पूड आणि पाणी मिसळून ती साच्यासाठी तयार करतात. भट्टीत ‘पिग आयर्न’ टाक म्हटलं तर त्यात डुकराचा काही संबंध नसतो. पूर्वी बिडाचा रस वाळूतल्या एका लांब चरातून बाजूच्या लहान चरांत सोडत, ते दृश्य डुकरिणीला लुचणाऱ्या पिलांसारखं दिसे, म्हणून ते नाव पडलं.

लेथवर गेलं की चमत्कार वाढतात. ज्यावर काम करायचं त्या लोखंडाच्या तुकड्याला ‘जॉब’ म्हणतात. चार जबड्यांच्या चकला ‘डॉग चक’ म्हणतात. एक ‘डेड सेंटर’ असतो, तो मेलेला नसतो, फक्त जॉबबरोबर फिरत नाही. कानशीत ‘बास्टर्ड’ नावाची एक प्रत असते, ती शिवी नव्हे. रफ आणि सेकंड कट यांच्या मधल्या दातांच्या कानशीचं ते नाव आहे. ‘गो, नो-गो गेज’ हे तर सरळ पोरखेळाचं नाव वाटतं, पण लाखो भागांचं माप त्यावर ठरतं. एक बाजू भोकात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये.

कारखान्याबाहेरचं कोल्हापूरही याला अपवाद नाही. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत असताना गुळव्या भेंडी मागतो. भाजी करायला नव्हे. भेंडीच्या झाडाचं खोड ठेचून त्याचं चिकट पाणी रसात सोडलं की मळी वर येते आणि गूळ स्वच्छ होतो. तालमीत वस्ताद नव्या पोराला ताक, हळद, तेल आणि लिंबं आणायला सांगतात, आणि ते सगळं हौद्यातल्या मातीत घालायचं असतं. चांभाराच्या दुकानात कोल्हापुरी चपलेचे ‘कान’ कापून ठेवायला सांगतात, आणि चपलेला कान खरंच असतात.

मातीत ताक घालायचं हे खरं, आणि लेव्हलचा बुडबुडा सुटा मिळतो हे खोटं. दोन्ही आज्ञा एकाच सुरात, एकाच माणसाकडून येतात. ऐकणाऱ्या पोराजवळ त्यांतला फरक ओळखायचं कुठलंही साधन नसतं. ते पोरगं विश्वासानं चालू पडतं. त्या जागी दुसरा कुणी शहाणा माणूसही तेच करेल, कारण जाणत्यावर विश्वास ठेवल्याशिवाय कुठलाच धंदा शिकता येत नाही. म्हणून ‘किती भोळं पोरगं’ हे हसणं मुळातच चुकीच्या माणसावर असतं.

डावं खरं, डावं खोटं

खरं आणि खोटं किती जवळ नांदतं, याचा सगळ्यात चांगला नमुना ‘डाव्या’ वस्तूंचा आहे. डाव्या हाताचा स्क्रू ड्रायव्हर किंवा डाव्या हाताचा हातोडा आणायला पाठवणं ही जगभरची चेष्टा आहे. हातोडा दोन्ही हातांना सारखाच. पण डावखुऱ्यांची कात्री खरी असते, कारण कात्रीची पाती कुठल्या हातानं दाबायची यावर कापणं अवलंबून असतं. लेथवरचं ‘लेफ्ट हँड टूल’ खरं असतं, ते डावीकडून उजवीकडे सरकत कापतं.

आणि उलटे आटे तर पदोपदी भेटतात. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाहीतर पायडल मारता मारता ते सुटत जाईल. ॲसिटिलिनसारख्या जळाऊ गॅसच्या जोडणीचे आटे उलटे आणि ऑक्सिजनचे सुलटे ठेवतात, म्हणजे घाईत एकाची नळी दुसऱ्याला बसूच नये. बेंच ग्राइंडरला दोन बाजूंना दोन चाकं असतात. त्यांतल्या डाव्या चाकाचा नट उलट्या आट्याचा असतो, कारण चाक फिरतं त्या दिशेनं साधा नट ढिला होईल.

या शेवटच्या वाक्याशी माझी स्वतःची गाठ पडली आहे. बुडबुड्याच्या प्रकरणानंतर तीनेक आठवड्यांनी मला ग्राइंडरचं डावं चाक काढायला सांगितलं. मिस्त्री म्हणाले, “ह्याचा नट उलटा फिरव रे, उलट्या आट्याचा हाय.” मला वाटलं, पुन्हा फिरकी. डाव्या हाताच्या पान्याबद्दल तोवर मी ऐकलं होतं, हा त्याचाच भाऊ असणार असं धरून चाललो. शेजारच्याला विचारावं तर तोही हसणार, म्हणून विचारलं नाही. नेहमीसारखा नट सोडायला गेलो आणि जोर लावून तो आणखी आवळला. मिस्त्रींच्या लक्षात आलं, त्यांनी पाना काढून घेतला, चाक उतरवलं आणि लाकडी मुठीनं वाजवून पाहिलं. शाबूत चाक खणखणीत वाजतं. ते बद्द वाजलं. तडा गेला होता. तसंच चालू केलं असतं तर मिनिटाला हजारो फेरे घेणारं चाक फुटून तुकडे समोरच्या माणसाच्या तोंडावर आले असते.

त्या मिस्त्रींचा राग मी धरला नाही, आजही नाही. मला शिकवण्यात त्यांनी कधी हात आखडता घेतला नाही. पण साखळी स्पष्ट आहे. एका खोट्या आज्ञेनं मला खऱ्या आज्ञेवर शंका घ्यायला शिकवलं, आणि हसण्याच्या भीतीनं माझं विचारणं बंद झालं.

गटाला यातून काय मिळतं

मग ही चेष्टा इतकी वर्षं का टिकली? ती नुसत्या दुष्टपणावर टिकलेली नाही. फ्रान्समधले अभ्यासक आर्नोल्ड व्हान जेनेप यांनी १९०९ मध्ये संक्रमणविधींवर ग्रंथ लिहिला. माणूस एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जातो तेव्हाच्या विधींत त्यांना तीन पायऱ्या दिसल्या. आधी त्याला वेगळं काढतात, मग तो अधांतरी राहतो आणि शेवटी त्याला सामावून घेतात. शेडमधली फेरी या पायऱ्यांवर अचूक बसते. पोराला शेडबाहेर धाडतात, ते गल्लीगल्लीतून भटकतं आणि परत येतं ते हसण्यात सामील व्हायला. दुसऱ्या दिवसापासून ते ‘आपल्यातलं’ झालेलं असतं.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ए. आर. रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० मध्ये ‘चेष्टेच्या नात्यां’वर निबंध लिहिला. काही नात्यांत एकानं चेष्टा करायची आणि दुसऱ्यानं ती मनावर घ्यायची नाही, असा अलिखित करार असतो. आपल्याला हे नवं नाही. दाजी आणि मेव्हणी यांचं नातं हेच आहे. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, त्याला आपण कानपिळी म्हणतो.

पण कानपिळीत एक गोष्ट आहे जी शेडमधल्या फेरीत बहुतेक वेळा नसते. कान पिळून झाला की त्याच जागी मान द्यावा-घ्यावा लागतो. चेष्टेचा हिशेब तिथंच मिटतो, सगळ्यांसमोर आणि नवरदेवाचा मान राखून. चौथ्या शेडमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला चहा पाजून जे केलं, ते तेच होतं. चेष्टा दुसऱ्यांनी केली होती, मिटवली त्यांनी.

बिघडतं कुठं

नुकसानीचे तीन पदर आहेत.

पहिला जिवाचा. फौंड्रीत बिडाचा रस १,३०० ते १,४०० अंश सेल्सिअसच्या घरात असताना ओततात. वितळलेल्या धातूखाली पाण्याचे चार थेंब अडकले तरी वाफेचा स्फोट होतो. अशा जागी कुठून चालायचं, कुठं थांबायचं हे न शिकवलेल्या पोराला नसलेल्या वस्तूसाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवणं हा खेळ होऊच शकत नाही. शिवाय चेष्टेची सवय लागली की ती वाढते. कॉम्प्रेसरच्या हवेची नळी सहकाऱ्याच्या अंगाला लावण्याची ‘गंमत’ आपल्या देशात अनेक तरुण कामगारांच्या जिवावर बेतली आहे. दाबाची हवा पोटात शिरली की आतडी फाटतात. तिथपर्यंत जाणारा रस्ता ‘आम्ही पण सहन केलं’ या एकाच वाक्यानं सुरू होतो.

दुसरा पदर शिकण्याचा. नवख्याचं सगळ्यात मोलाचं हत्यार म्हणजे प्रश्न. विचारलं की हसतात, हे एकदा मनात बसलं की ते पोरगं अंदाजानं काम करू लागतं. त्यातून जॉब बिघडतात, बोटं जातात.

तिसरा पदर माणसामाणसांतल्या फरकाचा. ज्याचे वडील-काका त्याच धंद्यात आहेत त्याला घरीच सगळ्या चेष्टा कळलेल्या असतात. तो हसून म्हणतो, “मामा, मला नका शिकवू.” खेड्यातून पहिल्यांदा कारखान्यात आलेला, परराज्यातून आलेला आणि भाषाच न कळणारा, किंवा शेडमध्ये एकटी असलेली मुलगी, यांच्यावर तीच चेष्टा दुपटीनं बसते. एकाला जे ‘आपल्यात घेणं’ वाटतं, ते दुसऱ्याला ‘तू आमच्यातला नाहीस’ असं ऐकू येतं.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. तो शिक्षण देणाऱ्या संस्थांना लागू होतो. त्यातल्या रॅगिंगच्या व्याख्येत विद्यार्थ्याला लाज किंवा संकोच वाटायला लावणारी वागणूक येते, आणि चेष्टामस्करीचा, फसवून केलेल्या गंमतीचा उल्लेखही स्पष्ट आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. प्रशिक्षण संस्थेच्या वर्कशॉपमध्ये ‘गंमत केली’ हे उत्तर म्हणूनच पुरत नाही.

कारखान्यात आल्यावर कायदा बदलतो, जबाबदारी संपत नाही. कामगाराला आवश्यक ती माहिती, शिक्षण आणि देखरेख पुरवणं हे मालकाचं कर्तव्य, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका होईल असं जाणूनबुजून काही न करणं हे कामगाराचं कर्तव्य, ही दोन्ही तत्त्वं १९४८ च्या कारखाने कायद्यात आली. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानं शिकाऊला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर टाकली.

इंग्लंडमधला १९५७ चा ‘हडसन विरुद्ध रिज मॅन्युफॅक्चरिंग’ हा खटला प्रत्येक शेडमालकानं लक्षात ठेवावा असा आहे. एका कामगाराला सहकाऱ्यांच्या खोड्या काढायची जुनी सवय होती. मालकाला ती माहीत होती, समजही दिली होती, पण त्यापुढे काही केलं नाही. एके दिवशी त्यानं अपंग सहकाऱ्याला पाडलं आणि तो जखमी झाला. न्यायालयानं मालकाला जबाबदार धरलं, कारण माहीत असलेला धोका त्यानं दूर केला नव्हता.

खोट्याऐवजी खऱ्या वस्तूंची फेरी

कोल्हापूरच्या कारागिरीत नवख्याला सामावून घ्यायची रीत पूर्वीपासून आहे, आणि ती खऱ्या कामातून जाते. तालमीत नव्या पोराला आधी हौदा खणायला लावतात. काम कष्टाचं असतं, पण खोटं नसतं. त्या मातीवर उद्या तोच लढणार असतो.

नसलेली वस्तू खरी कशी करायची, हेही याच गावानं दाखवलंय. चलच्चित्रांचा कॅमेरा इथं तयार होत नव्हता, तेव्हा आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोघांनी तो स्वतः घडवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी सहकारी दामल्यांच्या मदतीनं १९१८ मध्ये तो पुरा केला, आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. त्याच कंपनीत दामले, फत्तेलाल आणि शांताराम ही माणसं हाताखाली काम करत शिकली आणि १९२९ मध्ये त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी उभी केली.

खऱ्या कामातून सामावून घेण्याची ही रीत शेडमध्ये आज सहज आणता येईल. नव्या पोराला पहिल्या आठवड्यात चमत्कारिक नावांच्या पण खऱ्या दहा वस्तूंची यादी द्या. उदाहरणार्थ, मूठभर ग्रीन सँड, बास्टर्ड कानस, नो-गो गेज, डेड सेंटर, व्ही ब्लॉक, डॉग चकची चावी, उलट्या आट्याचा नट. प्रत्येक वस्तू शोधून आणायची, कुणाकडून मिळाली ते सांगायचं आणि तिचं काम काय ते विचारून यायचं. ते पोरगं गल्लीभर फिरेल, चार मिस्त्री त्याला ओळखू लागतील, नावांवर मनसोक्त हसणंही होईल. आणि परत येताना त्याचा हात रिकामा नसेल.

तरीही कुणी फिरकी घेणारच असेल, तर तीन मर्यादा पाळाव्यात. भट्टी, क्रेन, वीज आणि फिरतं यंत्र यांच्या आसपास कधीच नाही. एका फेरीपुढे नाही. आणि परत आल्यावर चहा पाजून, ती वस्तू का असू शकत नाही, हे हातात हत्यार देऊन समजवायचं. हे शेवटचं ज्याला जमत नाही त्यानं पहिलं वाक्यही उच्चारू नये.

नव्या पोरापोरींसाठी

कुणी अनोळखी वस्तू आणायला सांगितली तर जागेवरच एक प्रश्न विचारा: “दादा, ती कशासाठी वापरतात?” खऱ्या वस्तूचं उत्तर लगेच मिळतं, खोट्या वस्तूला काम नसतं. उत्तर पटलं नाही तरी आज्ञा यंत्राबद्दलची असेल, तर ती खरी धरा आणि दुसऱ्या मिस्त्रींना विचारून खात्री करा. कधी फसलात तर ते कमीपणाचं मानू नका. विश्वास ठेवलात म्हणून फसलात, आणि विश्वास ठेवता म्हणूनच शिकाल. पण विचारणं थांबवू नका.

आणि मिस्त्रींनो, तुमच्या शेडमध्ये उद्या एक नवं पोरगं येईल. तुम्ही सांगाल ते ते खरं मानेल. त्याला तुमचं प्रत्येक वाक्य खरंच सापडू द्या. ग्राइंडरजवळ उभं राहून तुम्ही “उलटा फिरव” म्हणाल, तेव्हा त्यानं क्षणभरही न थांबता उलटा फिरवला पाहिजे.